शनिवार-रविवार घाट बंद

ब्राटाविक,
शनिवार, १५ फेब्रुवारी, न्याहारी उरकल्यावर

काल माझ्याकडे सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बघू. तुझा कौरी नव्हे. सगळ्यात आधी आला स्टुर्ला, बर्फ काढणाऱ्या गाडीवरचा. दारातच उभं राहून एक कप प्यायला, मला काहीतरी सांगितलं आणि गेला. काय सांगितलं ते राहू दे आता. त्याच्यामागून हेर्दिस आली, विरोधी पक्षाची खासदार, उंच बाई, हसली की खांदे हलतात. आणि तिच्यामागून तुझा लेक, पातळ तळव्याचे राजधानीतले बूट घालून, माझ्या पायरीवर दोनदा घसरून, दुसऱ्यांदा खराट्याला धरून दारापर्यंत आला. मी खिडकीतून बघत होते. दार उघडायला मी जरा वेळच लावला.

उन्नूर, अक्षर ओळखलंस ना? सात वर्षांनी बघते आहेस. मी शाळेत पाच हिवाळे गेले आणि तू अकरा, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. मला आज इतका आनंद झालाय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याला सांगण्यात खरी मजा आहे असं माणूस मला तूच सापडलीस. तुझा मुलगा माझ्याकडे अडकलाय. घाट बंद आहे. आत्ता तो बाहेर त्याची गाडी उकरतोय, आणि ती शेजाऱ्याची गाडी आहे. मी अजून सांगितलं नाहीये.

तुला सगळं ठाऊक असेलच, पण मी माझ्या बाजूनं सांगते. निवडणूक झाली, नवं सरकार आलं, तुझा कौरी रस्त्यांच्या समितीचा अध्यक्ष झाला. नाताळच्या आधी संसद बसली आणि पहिलं काम काय केलं? काटकसर. आमच्या घाटावर बर्फाची गाडी आठवड्याचे सातही दिवस फिरायची, ती पाच दिवसांवर आणली. शनिवारी आणि रविवारी बर्फ पडला तर तो सोमवारपर्यंत तिथंच पडून राहणार. आणि आता नव्या रस्त्यांची यादी चाललीय. मतं मागायच्या वेळी आमचा बोगदा यादीत पहिला होता. आता अकरावा आहे. पहिला कोण, तर राजधानीतला उड्डाणपूल, म्हणजे तुम्हाला संध्याकाळी घरी जायला नऊ मिनिटं कमी लागावीत. नऊ मिनिटं! हा आकडा कौरीनंच काल सभेत सांगितला. म्हाताऱ्या एनारनं विचारलं, "त्या नऊ मिनिटांत तुम्ही करणार काय?" तर सगळे हसले आणि कौरी पाणी प्यायला.

म्हणजे झालं असं, की या आठवड्यात संसद बंद ठेवून सगळे खासदार आपापल्या मतदारांना तोंड दाखवायला फिरतात ना, तसे हे दोघे शुक्रवारी अकराला आमच्या सभागृहात आले. सतरा माणसं होती. ज्यांचे गुडघे धड आहेत ती सगळी. बारा वाजता सभा संपली, तसं मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशीच्या घरची कॉफी न घेता जाणार आहेस का रे?" आता सतरा माणसांसमोर नाही म्हणायची छाती लागते, आणि ती तुझ्या लेकाला नाही. माझ्या घरात मी पोचायच्या आत स्टुर्ला आला होता ते वर सांगितलंच.

पीळ देऊन तळलेले केक होते, पॅनकेक होते, रुबार्बचा मुरंबा, धुरावलेलं मटण, पातळ भाकरी. तीन प्रकारचे केक नसले तर आईनं आपल्याला काय म्हटलं असतं आठवतं ना? माझे पाच होते. साडेबाराला कौरी उठला.

"मावशी, निघतो आता."

"दहा थेंब घे."

"चार कप झाले मावशी."

"अरे, कप कुठं म्हणतेय मी? दहा थेंब म्हणतेय."

दहा थेंबांना नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय. आणि दहा थेंब म्हणजे कप काठोकाठ भरायचा, हेही त्याला तुझ्याच घरी शिकवलेलं. मग मी त्याच्या बालपणीच्या गोष्टी काढल्या. मेंढ्यानं त्याला कुंपणावर कसं बसवून ठेवलं होतं ती. हेर्दिसला इतकं हसू आलं की तीच म्हणाली, अजून एक सांगा. सव्वा वाजता परत दहा थेंब. दोन वाजता परत. तो खिडकीच्या कोपऱ्यात फोन उंच धरून म्हणतो, "रस्ता हिरवा दाखवतोय, काळजी नाही." मी म्हटलं, हिरवा असेल तर असेल बाबा, तुमचा फोन, तुम्हाला माहीत.

पावणेतीनला निघाले. सव्वातीनला परत आले. घाटाच्या पायथ्याशी आडवा दांडा पडलेला आणि लाल दिवे लुकलुकत होते. "सोमवारी उघडेल म्हणतात," तो म्हणाला, जणू त्याला कोणी परक्या भाषेत काही सांगितलंय.

"हो ना," मी म्हटलं. "शनिवार-रविवार गाडी नसते. नवीन नियम आलाय कुठून तरी."

उन्नूर, त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस.

रात्री त्याला मेंढ्याचं भाजलेलं डोकं वाढलं, डोळ्यासकट, आणि थोरीच्या महिन्याचं, भर हिवाळ्यातल्या मेजवानीचं, आंबवलेलं जे काही पिंपात उरलं होतं ते सगळं. त्याच्या विजारी ओल्या झाल्या होत्या म्हणून केतिलच्या लोकरीच्या विजारी दिल्या. मांडीशी काटा टोचतो त्यांचा. माझा नवरा एकवीस वर्षं घालायचा, कधी कुरकुरला नाही. कौरी सकाळपासून खाजवतोय.

केतिलचं नाव काढलं तर आता लिहूनच टाकते. सात वर्षांपूर्वी याच घाटात, रुग्णवाहिकेत, बर्फाच्या गाडीची वाट बघत तो गेला. दोन तास दहा मिनिटं. आणि तू फोनवर मला काय म्हणालीस? "तशा बिळात राहायला तुम्हाला सांगितलंय कोणी?" आणि मातीला आली नाहीस. घाट बंद आहे म्हणालीस. त्या दिवशी घाट उघडा होता, उन्नूर. पलीकडून अकरा गाड्या आल्या. मी मोजल्या, कारण मी तुझी गाडी शोधत होते.

तर आता तुझा मुलगा माझ्या बिळात आहे. पोस्टाची गाडीही येणार नाही, म्हणून हे पत्र असंच लिहीत राहीन. ड्रीफा माझ्याकडेच आहे, माझी नात, तिचा नवरा समुद्रावर. तिचे दिवस भरत आलेत. आमच्या बाजूचं प्रसूतिगृह बंद केल्यापासून बायकांनी पंधरा दिवस आधी घाटापलीकडे जाऊन राहायचं असतं, ती सोमवारी जाणार आहे. कालपासून पाठ दुखते म्हणतेय. बाकी बरी आहे.

आता बाहेर जाऊन त्याला सांगते की ती गाडी शेजाऱ्याची आहे. पाऊण उकरून झालीय.

रविवार, १६ फेब्रुवारी

पणजी झाले! मुलगी. तीन किलो दोनशे, मासे तोलायच्या काट्यावर तोलली, आधी काटा धुतला, तोंड वाकडं करू नकोस. नाव विचारू नकोस, बारशापर्यंत सांगायचं नसतं ते तुलाही ठाऊक आहे. पण केस केतिलसारखे आहेत, उभे.

क्रमानं सांगते. काल साडेअकराला ड्रीफा भांडी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "आजी, ही पाठ नाहीये." तिच्या हातातली बशी मी घेतली. वारा असा की समोरचा मेंढवाडा दिसत नव्हता.

कौरीनं फोन घेतला. रस्त्यांच्या खात्याचा जो माणूस सुट्टीच्या दिवशी बसवलेला असतो त्याला लावला, स्वयंपाकघरातल्या फोनवर, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मी समितीचा अध्यक्ष बोलतोय. ब्राटाविकच्या घाटात गाडी पाठवा. आत्ताच्या आत्ता."

"काढतो ना, जिवावरचं असलं की काढायचीच असते," तो माणूस म्हणाला. "पण गाडी पलीकडच्या बाजूला आहे. चालक रजेवर. वादळ चालू. पाच तास धर, सहा धर."

"पलीकडे का? ती आमच्या बाजूला उभी असते ना?"

"असायची. शनिवार-रविवारचं काम काढल्यावर इकडं आणून ठेवली, डिझेल वाचतं म्हणून."

"कोणी ठरवलं हे?"

तो माणूस म्हणाला, अगदी गोड आवाजात, "कौरी, कागद माझ्यासमोर आहे. सही तुझी आहे."

सात वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते आणि ते मला एका अनोळखी माणसानं फुकटात दिलं! मी चुलीशी पाणी तापवत होते, पाठमोरी होते ते बरं झालं.

मग घाटापलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. हेर्दिस शेतावरची पोर, बाह्या सारून तयार. मी म्हटलं, पन्नास वर्षं मेंढ्या सोडवल्यात, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग हात स्वच्छ धुवा आणि मी सांगते तेवढंच करा, जास्त हुशारी नको." मला आवडली बाई. तुझ्या लेकाला खिडकीच्या कोपऱ्यात त्याचा फोन वर धरून उभं केलं, कारण घरातली तार तुटली तर दुसरा हवा. अडीच तास हात वर. खाली आणला की मी नुसतं बघायचे, की परत वर. केतिलच्या विजारीत.

तीनला पाच कमी असताना बाळ आलं, ओरडतच आलं.

मग रक्त थांबेना.

यावर मी फार लिहिणार नाही. ड्रीफाचं तोंड दह्यासारखं पांढरं झालं. डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला, पोटावर दाबा म्हणाल्या, जोरात, अजून जोरात, बाळ छातीशी लावा. मी दाबत होते. हेर्दिस टॉवेल देत होती आणि मोजत होती. कौरी कोपऱ्यातून म्हणाला, "मावशी, मी चालत जाऊ का? मी घाट चालत जातो, कोणाला तरी घेऊन येतो." त्या बुटांत! आणि तो खरंच दाराकडे निघाला होता. मी ओरडले, "हात वर!" त्यानं हात वर केला. रडत होता. मीही असेन.

एक तास गेला. मग कमी झालं. मग थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मी जरा बसते," म्हणजे त्या इतका वेळ उभ्याच होत्या. बर्फाची गाडी निम्म्या घाटातून परत गेली, पुढचं दिसतच नव्हतं म्हणे. ड्रीफानं सहा वाजता दोन वाट्या सूप प्यायलं आणि विचारलं, "हे काका माझ्या खिडकीत अजून का उभे आहेत?" त्याला कोणी बस म्हटलंच नव्हतं.

आजचं ऐक, म्हणजे तू रेडिओवर ऐकलंच असशील. ऐकलंस ना? दुपारच्या बातम्यांच्या आधी रेडिओची मुलगी फोनवर आली, खासदार अडकलेत, सुखरूप आहेत का म्हणून. मी उचलला. म्हटलं, खासदार मजेत आहेत, जेवतात भरपूर, कौरी कोणाकोणाच्या गाड्या उकरतो. बाळाचं सांगितलं. मग म्हटलं, थांब गं, एक वाचून दाखवते. आणि पाहुण्यांची वही आणली.

तुला माहीत आहे, माझ्या घरातून सही केल्याशिवाय कोणी गेलेलं नाही. पाद्री, लोहार, मासे घेणारा पोर्तुगीज, सगळ्यांच्या सह्या आहेत. गेल्या ऑगस्टात मतं मागायला आला होता तेव्हा तुझ्या लेकानंही केली. लोक भाषणात बोललेलं विसरतात, वर्तमानपत्रात छापलेलं नाकारतात, पण पाहुण्यांच्या वहीत आपल्या हातानं लिहिलेलं माणूस कुठं नेऊन टाकणार? मी चष्मा लावला आणि सगळ्या देशाला वाचून दाखवलं: "मावशीचे पॅनकेक जगात एक नंबर. पुढच्या खेपेला बोगद्यातून येईन. कौरी."

रेडिओवरची मुलगी म्हणाली, "आणि आता ते कुठून आले?"

मी म्हटलं, "घाटातून. आणि जायचं राहिलंय."

हेर्दिस जेवणाच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून हसत होती. कौरी दारात उभा राहून सगळं ऐकत होता. चुलीजवळ आला, फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागला. लहानपणी काही फोडलं की असाच करायचा, नाही का गं?

आज माशांचं मऊ खिमट केलं. डोकं वाढलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पोस्टाची गाडी सोमवारीच येऊन गेली. मी पत्र दिलं नाही. एक गोष्ट राहिली होती, आणि ती लिहू की नको यात तीन दिवस गेले.

स्टुर्ला शुक्रवारी दारात उभा राहून काय म्हणाला ते. तो म्हणाला, "स्टेनवॉर आजी, मी बरोबर दोनला गाडी घेऊन पलीकडे जातो, मग सोमवारपर्यंत येत नाही. पाहुण्यांना सांग, माझ्या मागोमाग निघा. आणि ड्रीफालाही आजच त्यांच्या गाडीत घाल. सोमवारची वाट बघू नका, हवा खराब होतेय."

मी हो म्हटलं.

आणि आत येऊन केतली भरली. कोणाला सांगितलं नाही. कौरी स्वतः म्हणाला होता, पहिल्यांदा उठला तेव्हा, "ड्रीफाला सोडू का पलीकडे? गाडीत जागा आहे." वर मी हे लिहिलं नाही, बघ. वर मी नुसते दहा थेंब लिहिले. तो विचारत होता आणि मी ओतत होते. माझ्या मनात एवढंच होतं की केतिलच्या जागी आता याला बसू दे, बंद घाटाकडे बघत, बघू दे कसं वाटतं. दोन वाजले तेव्हा मला खिडकीतून स्टुर्लाची गाडी घाटाकडे चढताना दिसली, पिवळा दिवा फिरत होता, आणि मी पाठ करून अजून एक पॅनकेक टाकला. इतका बरोबर उलटला तो! एवढासा फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तासात, पोरीच्या पोटावर दाबताना, मला फक्त तो पॅनकेक दिसत होता.

ड्रीफाला सांगितलेलं नाही. कौरीला नाही. स्टुर्ला सोमवारी आला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि टोपी काढून उभा राहिला. तो बोलणार नाही. तुला सांगतेय, कारण तू माझ्याशी बोलतच नाहीस, त्यामुळे तुला सांगितलं म्हणजे कोणाला सांगितल्यासारखं होत नाही. आणि तुला माझ्याविरुद्ध काहीतरी हवंच होतं ना सात वर्षं? हे घे. चांगलं धारदार आहे. पण हे कौरीला सांगितलंस तर मी अकरा गाड्यांची गोष्ट रेडिओवर सांगेन, त्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे.

मला कौरीचा राग गेलाय असं समजू नकोस. त्याची सही ती त्याची सही. फक्त आता माझ्याही हातात काय होतं ते मला माहीत आहे, एवढंच.

सोमवारी दहाला घाट उघडला. रुग्णवाहिका आली, ड्रीफा आणि बाळ तपासायला गेली, काल परत आली, दोघी ठणठणीत. निघताना कौरीसमोर वही ठेवली. पेन घेऊन बसला बराच वेळ. आधी बोगद्यातला "बो" लिहिला, मग खोडला. माझ्या वहीतली ती पहिली खाडाखोड. मग एकच ओळ लिहिली. हेर्दिसनं त्याखाली "मीसुद्धा" लिहून सही केली.

आज सकाळी त्याचा फोन आला. समिती बसली होती. शनिवार-रविवारची बर्फाची गाडी परत, आमच्याच बाजूला, येत्या आठवड्यापासून. बोगदा अकरावरून दुसरा. मी म्हटलं, दुसरा का? तो म्हणाला, "मावशी, पहिल्यावर उड्डाणपूल आहे, त्यासाठी अजून भांडावं लागेल, शेवटचं मतदान जूनमध्ये आहे." मी म्हटलं, मग भांड. जून येईपर्यंत माझ्याकडे तुझ्या लहानपणाच्या अजून बऱ्याच गोष्टी आहेत आणि रेडिओवाल्या मुलीला आवडतात. तो हसला. तुझ्यासारखाच हसतो गं, नाकातून.

मग म्हणाला, विजारी धुऊन पाठवतो. मी म्हटलं, पाठवू नकोस, घालून ये.

कारण त्या एका ओळीत त्यानं काय लिहिलंय ते तुला सांगायचं राहिलंच. त्यानं तुला विचारलेलंही नसेल. "घाटातून आलो. बारशाला परत येतो, आईला घेऊन." म्हणजे तुला, उन्नूर. माझ्या वहीत आहे, शाईनं आहे, आता तुमचं तुम्ही बघा.

मे महिन्यात मेंढ्या वितात, मला बोलायला सवड नसेल, पण दोन हात जास्तीचे चालतील, हेर्दिसला कळतं त्यातलं, कौरीला शिकवू. आणि मे महिन्यात घाट बंद नसतो. तेव्हा ते कारण चालायचं नाही.

बारसं शनिवारी, चोवीस मेला. दोनच्या आत या.

स्टेनवॉर